काळा दोरा

मागच्या आठवड्यात कापलेली जट आज पुन्हा सुगंधाच्या डोक्यावर होती. कुमुदताईंनी जवळ जाऊन पाहिलं. तिच्या आईनं ती काळ्या दोऱ्यानं उरलेल्या केसांना शिवून टाकली होती.

पोरीच्या केसांत जट आली की देवीनं तिला मागितली म्हणायचं, देवीला सोडायची, आणि मग गावातला कुणीही तिच्या अंगाला हात लावायला मोकळा. या रिवाजाशी भांडण्यात ताईंची उमर गेली होती. ही जट त्यांनी स्वतः कापली, तेव्हा सुगंधा हलकी झालेली मान हलवून हलवून हसली होती. "नदीत सोडते," म्हणून आईनं ती जट पदरात मागून घेतली आणि ताईंनी विश्वासानं दिली.

"धाकट्याला ताप भरला, ताई," आई रडत म्हणाली. "गाव म्हणालं, देवीचं लेणं तोडलंसा, आता ती पोरगं नेणार. मी काय करू?"

"अगं, मी गोळ्या पाठवल्या होत्या ना?"

"दिल्या की. पन ताप उतरला तो जट शिवल्यावरच. आता पुनवेला हिला सोडायचं ठरलंय."

ताईंनी पिशवीतून कात्री काढली.

सुगंधा भिंतीला चिकटली. दोन्ही हातांनी तिनं जट डोक्यावर घट्ट दाबून धरली.

"नगं, ताई," ती हळूच म्हणाली. "आई परत शिवती. सुई लई टोचती."