तीन काळे चौकोन

"चहा नको, पाणी नको. थुंकी तेवढी हवी म्हणे!" सासू सुनेच्या कानाशी पुटपुटली.

"आई, ऐकू जातंय तिला."

विद्यापीठातून आलेल्या मुलीला ऐकू गेलंच होतं. ती हसली आणि तिने टेबलावर कागद पसरला. त्यावर या घराच्या तीन पिढ्या आखल्या होत्या. बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन. तुरुंग पाहिलेला चौकोन काळा. आजोबा काळे, वडील काळे, आणि घरफोडीपायी सध्या आत असलेला सुनेचा नवरा, तोही काळा. त्याच्याखाली पेन्सिलीने एक टिंब दिलं होतं. सुनेला सातवा लागला होता.

"हे रक्तातूनच येतं का हो?" सुनेने विचारलं.

"तेच तर तपासतोय. सगळ्यांची थुंकी मिळाली की जुळवून बघायचं. आत्ताच काही सांगता नाही येणार."

"हे म्हणतात, माझ्या रक्तातच आहे, मी तरी काय करू? परवा भेटायला गेले तर म्हणाले, मुलगा झाला तर त्याला किल्ल्यांचं दुकान काढून देऊ, निदान राजरोस कुलपं उघडेल." सुनेचा हात पोटावर गेला. "स्वतःच हसले. मला नाही हसू आलं."

सासूने थुंकीसाठी दिलेल्या नळीचं झाकण उघडलं. तोंडाशी नेली. मग तशीच कोरडी नळी खाली ठेवली.

"माझी थुंकी काही कामाची नाही."

"असं कसं मावशी? आईची तर हवीच."

सासूने स्वतःच्या गोलापासून मुलाच्या चौकोनाकडे उतरणाऱ्या रेघेवर बोट ठेवलं. "ही रेघ खोडून टाक आधी. आणि त्याच्या बापाकडचीही."

"का बरं?" मुलीने विचारलं.

"दवाखान्यात झाडू मारायचे मी तेव्हा. चार दिवसांचा होता, कुणीतरी टाकून गेलं होतं. उचलला आणि घरी आणला. त्याला अजून माहीत नाही."

सून खुर्चीच्या कडेवर आली. "म्हणजे यांच्यात तुमचं कुणाचंच रक्त नाही? मग हे असे कसे निघाले?"

सासू रिकाम्या नळीचं झाकण घट्ट पिळत राहिली.

"लहानपणी अंगाने बारीक होता," ती म्हणाली. "गजांतून सहज आत जायचा. बाप त्याला खांद्यावर घेऊन लोकांच्या खिडकीत चढवायचा. परत उडी मारायचा तेव्हा खाली मी उभी असायचे. झेलायला."