अडलेली म्हैस

म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून ऋजुता घामाघूम उभी होती. रेडकाची मान मागे वळून अडकली होती. डॉक्टर खरातांचा जाडजूड हात आत वळेना, म्हणून त्यांनी आपल्या या शिकाऊ पोरीला पुढे केलं होतं. मालकीण सगुणाबाई म्हशीची शिंगं धरून रडत होत्या.

माणसांची डॉक्टर होणं हुकलं, म्हणून ऋजुता गुरांच्या कॉलेजात आली होती. आता ते सोडून पुन्हा प्रवेश परीक्षेला बसायचं, असं घरी ठरत आलं होतं.

"सर, मला नाही जमणार. दोघंही जातील."

"दोघांना वाचवायचं मनातून काढ. आधी फक्त नाकपुडी शोध."

तिने डोळे मिटून चाचपलं. म्हशीला कळ आली की आतला हात पिळवटून निघायचा. कान लागला, मग डोळा, मग ओली, मऊ नाकपुडी.

"सापडली!"

"आता तोंड तळहातात घे. सावकाश वळव."

मान वळली. तिघांनी ओढलं, तसं रेडकू बाहेर आलं, पण निपचित. ऋजुताने त्याच्या नाकात काडी घातली, छाती खसाखसा चोळली.

"सोड, पोरी," डॉक्टर पुटपुटले.

ती चोळतच राहिली. आणि रेडकू शिंकलं.

हात धुऊन तिने घरी फोन लावला. "बाबा, क्लास लावू नका."

"अगं, मग पुढे काय करणार?"

"पुढचं पुढे. उद्या सकाळी रेडकू उभं राहिलंय का, ते बघायला येणार आहे."