सांजेरी, लोकवस्ती नऊशे चाळीस

एकसष्ट साली, बोगदा कोसळला त्याच्या चौथ्या दिवशी, तो खणणाऱ्या कंपनीचं पत्र टपाल कचेरीत नेमकं ताईच्याच हाती पडलं. आलेली पत्रं गल्लीवार कप्प्यांत लावणं हे तिचं काम. पाकिटावर आईचं नाव होतं. तिनं ते उभ्याउभ्याच फोडलं. मृतांच्या यादीत धाकट्या भावाचं नाव सातवं होतं.

उरलेली पत्रं तिनं कप्प्यांत लावली. एकही चुकलं नाही.

घरी आई खुर्चीत ताठ बसली होती. बातमी शेजारणीनं आधीच वाचून दाखवली होती. आईनं बावीस वर्षं पंचांगाच्या छापखान्यात मुद्रितं तपासली होती. सूर्योदय, भरती-ओहोटी, ग्रहणं, टपालाचे दर, गावांची यादी. बारीक टाइपानं अखेर तिची नजर खाल्ली. यंदाचं पंचांग तिच्या हातचं शेवटचं. ते मांडीवर होतं.

"ताई, बोगदा पडला म्हणे. आपला कुठे असेल गं?"

वडील गेले तेव्हा आईनं अन्नपाणी सोडलं होतं. डॉक्टरांनी तिला मरणाच्या दारातून अक्षरशः ओढून आणलं होतं. ताईला तेच दिसायला लागलं.

"आपला कुठला तिथे! त्याची बदली होऊन पंधरा दिवस झाले. आजच पत्र आलंय."

"कुठे झाली?"

एवढा विचार कुणी केला होता! "थांब, पंचांगातच बघू," म्हणत ताईनं तिच्या मांडीवरचं पंचांग उचललं, गावांची यादी काढली आणि ओळखीपाळखीचं कुणी कधी फिरकलं नसेल असं एक गाव निवडलं.

"सांजेरी."

आईनं चाचपडत ताईचं मनगट धरलं.

"वाच बघू, काय दिलंय."

"स्टेशनपासून सतरा मैल. लोकवस्ती नऊशे चाळीस. बाजार मंगळवारी. पाणी गोडं."

"पाणी गोडं आहे ना? मग झालं तर," आई म्हणाली. "वाढ मला. तूही बस जेवायला."

त्यानंतर दर महिन्याला पत्र येऊ लागलं. ताई दुपारच्या सुट्टीत ते लिहायची आणि संध्याकाळी आईला वाचून दाखवायची. सांजेरीत न्हावी एकच, तोही डावखुरा, त्यामुळे सगळ्या गावाचा भांग उलटा. मुकादम घोरतो तेव्हा छपराचे पत्रे थरथरतात. आई हसायची. एकदा म्हणाली, "त्याला लिही, लेका, शाळेत कधी ऱ्हस्व-दीर्घ कळलं नाही तुला. आता बरं लिहायला लागलास! बहिणीवर गेलास शेवटी."

पुढच्या पत्रात ताईनं मुद्दाम चार चुका केल्या, आणि मग आंधळ्या आईला त्या दिसणार कशा, हे लक्षात येऊन कचेरीच्या मागच्या जिन्यात बसून रडली.

त्रेसष्ट साली टपाल कचेरीसमोरच्या घड्याळजीनं तिला मागणी घातली. माणूस सरळ. आईला बरोबर आणायचीही तयारी होती त्याची. पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. एका घरात राहून त्याच्यापासून पत्रं लपायची नाहीत, आणि त्याला कळलं की आईला कळलंच. ताई नाही म्हणाली.

"घड्याळजीला नकार दिलास?" आईनं विचारलं.

"धाकटा आला की बघू."

"तो यायचा तेव्हा येईल. तू तुझं बघ ना, बाळ."

"तो आल्याशिवाय मी कुठेही जायची नाही, आई."

आईनं तोंड खिडकीकडे फिरवलं. म्हणाली, "बरं बाई. मग घे कागद. त्याला उत्तर लिहू."

आई पासष्ट साली गेली. शेवटपर्यंत शुद्धीत होती. "धाकट्याला कळव हं," एवढंच म्हणाली. घड्याळजीनं दुसऱ्या गावी दुकान थाटलं. त्याला तीन मुली झाल्या. ताई टपाल कचेरीतच राहिली, कप्प्यांसमोर उभी. केस पिकले, गुडघे गेले. आपलं आयुष्य गेलं ते गेलं, पण आईला सुखानं मरता आलं, एवढ्या एका गोष्टीवर ती तग धरून होती.

ती निवृत्त झाली त्या वर्षी छापखानाही बंद झाला. आईची आठवण म्हणून एखादं जुनं पंचांग मागायला ती गेली. मालक ऐंशीच्या पुढचे, पण बोलायला पहिल्यासारखेच.

"आमचं पंचांग चोरून छापणारे काय कमी होते!" ते म्हणाले. "पण पकडायचं कसं? सूर्य काय, सगळ्यांकडे एकाच वेळी उगवतो. म्हणून दरवर्षी गावांच्या यादीत एक नसलेलं गाव घालायचो. ते ज्याच्या पंचांगात उमटलं, तो चोर. 'गाव वसवणं' म्हणायचो आम्ही त्याला. कुठलं ते दोघांनाच ठाऊक असायचं, मला आणि तुझ्या आईला."

त्यांनी एकसष्टचं पंचांग उघडलं.

"हे तिनं वसवलेलं शेवटचं. मैल तिचे, बाजारही तिचाच. म्हणाली, वसवायचंच आहे तर पाणी तरी गोडं असू द्या."

त्यांचं बोट सांजेरीवर होतं.