लोकर कातायचं सर्टिफिकेट

मेंढपाळ समाजाच्या विकासासाठी सरकारचं अनुदान आलं, तसा कॉलेजनं कळस गावात लोकर कातायचा वर्ग काढला. आधी प्राचार्यांच्या अभिनंदनाचे फ्लेक्स लागले, मग पडदा आणि प्रोजेक्टर आला, चरखे सगळ्यात शेवटी आले.

गोजरबाईचं उभं आयुष्य मेंढरांमागं आणि चरख्यापुढं गेलेलं. वर्गाचं कळताच ती वर्ग घ्यायला आलेल्या कॉलेजच्या सरांना जाऊन म्हणाली, "मी शिकवती की पोरींस्नी."

सर गोड हसले. "आजी, अनुदानाचा नियम आहे. शिकवायला प्रमाणपत्र लागतं. तुम्ही आधी शिकायला बसा."

म्हातारी नातीच्या वयाच्या पोरींत जाऊन बसली.

सरांनी जन्मात मेंढराला हात लावला नव्हता, रिमोट मात्र मोठ्या सफाईनं चालवत होते. पडद्यावर दोन हात झरझर लोकर कातू लागले. चेहरा कुठंच नव्हता, नुसत्या हिरव्या बांगड्या आणि मनगटावर गोंदलेला विंचू.

"बघा आजी, याला म्हणतात हात! असा धागा निघायला तुम्हाला अजून वर्षभर घासावं लागेल."

गेल्या साली कॉलेजच्या पोरी घरी येऊन मोबाईलवर शूटिंग करून गेल्या होत्या, ते गोजरबाईला आत्ता आठवलं.



तिनं आपल्या मनगटावरच्या विंचवावरून बांगड्या मागं सारल्या आणि विचारलं, "सर, ह्या बाईकडं तरी परमानपत्र हाय का वो?"