चॅम्पियन निवर्तले

नात सौम्याची सोयरीक पुण्यात जमली, त्याच वर्षी बालाजीरावांच्या लाडक्या टेनिस चॅम्पियनने खेळ सोडला. चेन्नईच्या मैलापुरात दुकान चालवण्यात जन्म गेलेले बालाजीराव मराठी अक्षरं सत्तरीत, या सोयरिकीपायीच शिकलेले. डोळे पुसत त्यांनी बायकोचा, राजसबाईंचा, फोन घेतला आणि पुणेकरांच्या ग्रुपवर लिहिलं, "आमचे चॅम्पियन निवर्तले. त्यांच्या डाव्या हाताची सर कुणाला येणार नाही."

दुसऱ्या दिवशी साखरपुडा होता. त्यासाठी चेन्नईत येऊन उतरलेले नवरदेवाचे आईवडील पांढऱ्या कपड्यांत आले, तेही साखरपुडा पुढे ढकलू असं सांगायला. दार बालाजीरावांनीच उघडलं. विहीणबाई किंचाळून जिन्यातच बसल्या.

"अहो, निवर्तले म्हणजे मेले!" व्याही ओरडले.

"ऐयो! मग रिटायर झाला त्याला काय म्हणतात हो?"

हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली आणि साखरपुडा त्याच दिवशी झाला.

पुढच्या कार्तिकात, एका सोमवारी पहाटे, बालाजीराव झोपेतच वारले. राजसबाईंच्या फोनवरून ग्रुपवर निरोप गेला, "आमचे हे निवर्तले."



पुण्याहून लगेच उत्तर आलं, "अभिनंदन! आता निवांत टेनिस बघा म्हणावं."