शेडचा पहिला खांब

“खांब फरशीवरच बसव. खाली प्लेट, चार बोल्ट, झालं काम. खणाखणी नको,” आकाराम सुभेदार म्हणाले.

ऋषिराजच्या हातातला टेप सर्रकन मिटला. दुसरं कुणी गिऱ्हाईक असतं तर त्यानं तोंडावर नाही म्हटलं असतं. पण हे अंकिताचे वडील, फौजेतून रिटायर झालेले. त्याला आणि अंकिताला लग्न करायचं होतं, आणि सुभेदारांनी तर घरात आधीच जाहीर केलं होतं की जावई नोकरीवालाच पाहिजे. ऋषिराजसारख्या वेल्डिंगवाल्याचं नाव त्यांच्यापुढं काढायचं कसं? अंकितानं अजून फक्त आईच्या कानावर घातलं होतं.

आणि काल सुभेदारांनी आपणहून त्याला फोन केला. “घराशेजारी गाडीसाठी शेड करायची हाय. विश्रामबागेत या.” अंकिता तर हरखूनच गेली. “आपलं काही बोलू नकोस हं. आधी तुझं काम बघू दे त्यांना,” तिनं बजावलं.

म्हणून तो सकाळपासून गोडीगुलाबीनं घेत होता. सुभेदारांना वर आरपार दिसणारा पत्रा हवा होता. “उन्हाळ्यात खाली भट्टी हुईल, साहेब. रंगीत पत्रा घ्या, कडंला दोन आरपारचे टाकू,” तो म्हणाला. सुभेदारांनी मान डोलावली. पाइप गॅल्व्हनाइजचा ठरला, म्हणजे गंजायची भीती नको. मग सुभेदारांच्या एकेक फर्माइशी सुटल्या. शेड दारापासून पार फाटकापर्यंत. मधे एकही खांब नको. वर पंख्यांसाठी हुकं. आणि तुळशीच्या लग्नाच्या आत सगळं उभं राहिलं पाहिजे. ऋषिराजनं निमूट सगळं लिहून घेतलं. फौजी माणूस, गाडीचाही थाट असणार!

पण खांब फरशीवर? स्वयंपाकघराच्या खिडकीतून अंकिता जोरजोरात मान हलवत होती, हो म्हण, हो म्हण.

“तसं मी करणार न्हाई, साहेब,” तो म्हणाला. “वळवाचं वारं सुटलं की खांब पत्र्यासकट उपटंल. खाली माणसं बसली असली तर? दोन-अडीच फूट खड्डा काढायचा, काँक्रीट भरायचं, मगच खांब. पटत न्हाई तर दुसरा कुणीतरी बघा.”

खिडकीत अंकितानं कपाळावर हात मारून घेतला. संपलं! काम गेलं, पोरगीही गेली.

सुभेदार दाराजवळच्या फरशीपाशी गेले. मग म्हणाले, “कुठं काढायचा खड्डा? खूण कर.”

ऋषिराजला खरंच वाटेना. त्यानं घाईघाईनं दाराजवळच्या कोपऱ्यात खडूनं चौकोन काढला आणि जीभ चावली. शेडवाला सगळ्यात आधी जे विचारतो, तेच तो घाबरगुंडीत विसरला होता.

“साहेब, गाडी कुठली हाय तुमची? उंची धरायची ऱ्हायलीच.”

“गाडी?” सुभेदार मिशीत हसले. “घरात एक स्कूटी हाय, तीबी अंकीची. मला तर चारचाकी चालवायलाबी येत न्हाई.”

“मग एवढी शेड कशाला?”

सुभेदारांनी घराकडं बघून हाक मारली, “मंगल, आण गं.” अंकिताची आई हळदी-कुंकवाचं ताट घेऊन बाहेर आली. हसू दाबता दाबता तिची पुरेवाट झाली होती. ती खाली वाकली, तिनं खडूच्या चौकोनात हळद-कुंकू वाहिलं आणि मधोमध एक सुपारी ठेवली. खिडकीतली अंकिता केव्हाच धावत दारात आली होती.

“हिनं मला समदं सांगितलंय,” सुभेदार बायकोकडं हात करून म्हणाले. “पण फौजेत माणूस पारखायचा तर आमी त्याला काम सांगतो. त्यातबी वाकडं सांगायचं, अन् कुठवर हो म्हणतोय बघायचं.” त्यांनी ऋषिराजच्या पाठीवर थाप मारली. टेप त्याच्या हातातून खाली पडला.

“आता मेढ हितंच रोव गड्या. मांडव तुझ्याच लग्नाचा हाय.”