आटलेली नदी

वसंतातली केमिन नदी नितळ होती. तुर्गुनबाय गळाला बांधलेली पिसांची खोटी माशी पाण्यावर फेकत होता. “पुरे म्हाताऱ्या, वाऱ्याला किती फटके मारशील?” काठावरून त्याची बायको बुरुल ओरडली. तेवढ्यात आयुष्यातला सर्वांत मोठा ट्राउट मासा गळाला लागला. वरच्या घळीत काहीतरी गडगडलं. म्हाताऱ्याला भान नव्हतं. बघता बघता पाणी आटलं आणि ठिपकेदार मासा उघड्या दगडांवर तडफडू लागला. तुर्गुनबाय हरखून धावला. “मागं फिर! दरडीनं पाणी अडवलंय, आता सुटेल!” बुरुलचा आवाज चिरकला. गळाची काठी हातात धरूनच तो तिच्यामागे टेकडी चढला. मग घराएवढी पाण्याची भिंत आली, झाडं आणि शिळा लोळवत. काठीच्या चरखीवरचा दोरा सर्रकन सुटला, तुटला. दोघं थरारून बघत राहिली. “गेला,” तो पुटपुटला. “जाऊ दे,” बुरुल हळूच म्हणाली. “त्याचं घर त्याला न्यायला आलं होतं.”